मालिनीमावशीने चर्च शुद्ध केलं

माझ्या मालिनीमावशीचा गळा बरा होता. बरा म्हणजे बराच, त्याहून जास्त नाही. पण हे तिच्या तोंडावर म्हणायची छाती आयसेलिनच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत कुणाचीच नव्हती.

ती मूळची अहमदनगरची. नवऱ्यामागोमाग न्यू जर्सीला आली, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी केली, आणि एका जुन्या अमेरिकन चर्चचं तळघर भाड्याने घेऊन रविवारची मराठी उपासना तिनेच सुरू केली. पेटी तिची, गाणी तिची, नाताळचं कीर्तनही तिचंच. आमच्याकडे नगरला येशूच्या जन्माचं कीर्तन अगदी साग्रसंगीत होतं, पूर्वरंग-उत्तररंगासकट. इथे ते मावशी करायची आणि तिचे यजमान, शंकररावकाका, पहिल्या रांगेत बसून पेंगायचे.

२००५ साली पुण्याहून रेणू साळवे आली. सॉफ्टवेअरवाली, वर्क व्हिसावर, बोलायला गोड, आणि गळा असा की खोटं कशाला बोलू, माझ्याही पोटात दुखलं. त्या नाताळात मावशीला खोकला झाला म्हणून कीर्तन रेणूकडे गेलं. पोरीने बेथलेहेमचा गोठा असा उभा केला की बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आणि काका चक्क जागे होते. मावशीच्या गाण्याला उभ्या जन्मात दाद न देणारे काका मोठ्याने म्हणाले, "वा!"

मावशीचा खोकला तिथल्या तिथे थांबला.

त्यानंतर रेणूचं काहीच तिला बघवेना. रेणूचा ड्रेस भडक, रेणूचा केक कोरडा, रेणूचे उच्चार पुणेरी. काका घरी ती चाल गुणगुणायला लागले की मावशी मिक्सर लावायची. "अगं, चांगलं गाते ती," मी एकदा म्हणाले, तर मला दोन आठवडे फोन नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वरच्या चर्चच्या पास्टरसाहेबांनी आम्हाला चहाला बोलावून चर्चचा इतिहास सांगितला. हा भाग वसवला तो प्युरिटन लोकांनी. इंग्लंडच्या राजाच्या चर्चमध्ये फार थाटमाट उरलाय, तो झाडून काढून चर्च शुद्ध करायचं, हा त्यांचा ध्यास. वाद्यं नकोत, मेणबत्त्या नकोत, भरजरी झगे नकोत. एकाने स्तोत्राची ओळ द्यायची, बाकीच्यांनी ती मागोमाग म्हणायची, बस. नगरला आलेले अमेरिकन मिशनरीही याच परंपरेतले, हेही त्यांनी सांगितलं. आम्ही बिस्किटं खात होतो. मावशी मात्र कान टवकारून ऐकत होती.

आठवड्याभरात तिने कमिटी बोलावली. "आपले पूर्वज मिशनरी कुठल्या मुशीतले आणि आपण काय चालवलंय? कीर्तन म्हणजे नुसता तमाशा झालाय. यंदा नाताळला पेटी नाही, तबला नाही, कीर्तन नाही. फक्त स्तोत्र. मी ओळ देईन."

प्युरिटन लोक नाताळसुद्धा पाळत नसत, हे पास्टरसाहेबांनी सांगितलेलं ती सोयीस्करपणे विसरली. करंज्यांच्या सारणाची ऑर्डर देऊन झाली होती.

वर तिने आणखी एक नियम घातला. दिलेली ओळ प्रत्येकाने मोठ्याने म्हणायचीच. गप्प बसणं म्हणजे गर्व. हे बोलताना ती रेणूकडेच बघत होती. रेणूने तिच्यामागून, तिची ओळ, सगळ्यांदेखत म्हणावी, एवढंच तिला हवं होतं. धर्मसुधारणा वगैरे नंतर.

"ओके काकू, नो प्रॉब्लेम," रेणू हसून म्हणाली. "तुम्हीच लीड करा ना." भांडली असती तर मावशीला बरं वाटलं असतं. त्या हसण्याने तिचा तिळपापड झाला.

नाताळच्या आदल्या रविवारी तळघर शुद्ध झालं होतं. पेटी कपाटात, तबला कपाटात, मेणबत्त्याही कपाटात. वर मात्र प्युरिटनांचे वारसदार भला थोरला ऑर्गन वाजवत होते आणि आमचं छत थरथरत होतं. मावशी शंभरावं स्तोत्र घेऊन पुढे उभी राहिली. आजवर तिला सूर पेटीने दिला होता. आज हाताखाली पेटी नव्हती आणि कानात तो ऑर्गन होता. तिने नकळत त्याचाच सूर उचलला.

फार वर उचलला. पहिली ओळ निभावली, दुसरी ताणली, तिसरीला आवाज चिरकला आणि बंदच पडला. तिने पुन्हा तोंड उघडलं. नुसती हवा आली. माझ्या मागे कुणीतरी फिसकन हसलं, आणि मला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. रेणूवर जळण्याचा हक्क मावशीचा होता, मावशीवर हसण्याचा कुणाचाच नव्हता.

मग मागच्या रांगेतून रेणूने ती ओळ खालच्या सुरात, हळू, अडलेलं दार लोटावं तशी दिली. सगळ्या मंडळीने ती उचलली. सगळ्यांनी म्हणायचीच, नियमच होता. माना आपोआप मावशीकडे वळल्या. ती स्तोत्राचं पुस्तक छातीशी धरून उभी होती, कानाच्या पाळ्या लाल. पुढची ओळ आली. मावशीने ती म्हटली. तिच्या पुढची पण म्हटली. रेणूच्या मागून, शेवटपर्यंत, बऱ्यापैकी सुरात.

आमेन झालं आणि काका म्हणाले, "वा!"

परत येताना गाडी मी चालवत होते. काका पुढे, मावशी मागे करंज्यांचा रिकामा डबा मांडीवर घेऊन. ओक ट्री रोडच्या सिग्नलला मी गाडी थांबवली.

"अहो," मावशी म्हणाली, "ते वा कुणाला होतं?"

काका मुरलेले गृहस्थ. "देवाला, मालू. स्तोत्र त्याचंच ना?"

सिग्नल हिरवा झाला. मी गाडी काढली.

"मग देवाला वा म्हणताना," मागून आवाज आला, "मान वळवून मागच्या रांगेत कशाला बघत होतात?"