मुकादमाची धडक

तलवाड्याच्या सटवाच्या हातातून काठी गळायला लागली, तेव्हा पोरगा सोमेश्वर त्याला बीडला घेऊन गेला. डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय सांगितला आणि विचारलं, "डोक्याला कधी मार लागलाय का?"

"न्हाई," सटवा म्हणाला. जरा लवकरच म्हणाला.

मार लागला होता. महिन्याभरापूर्वी मुकादमानं मागून धडक दिली आणि सटवाचं कपाळ बाभळीवर आपटलं. मुकादम म्हणजे त्यांचा एडका; काही न करता मेंढ्यांच्या कळपाच्या पुढं पुढं चालतो म्हणून हे नाव. दिवाळीत त्यानं सोमेश्वरलाही लोळवलं होतं. "पुन्हा कुनाला मारलं तर बाजार दाखवतो त्याला," असं सोमेश्वरनं बजावलेलं. सटवानं तर त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. म्हणून तो गप्प.

टेक्निशियननं त्याचा चांदीचा करदोटा आणि कानातल्या बाळ्या काढून घेतल्या. सटवानं विचारलं, "ह्यात काय काय दिसतं, सायेब?"

"डोक्यात असेल ते सगळं."

मुकादमाचा विचार करायचा नाही असं ठरवूनच सटवा नळीत शिरला. मग दुसरा विचारच येईना. त्यात मशीन टर्र टर्र करू लागलं. भरकटलेला कळप वळवायला तो जिभेनं असाच आवाज काढतो. त्यानं सवयीनं उत्तर दिलं.

"बाबा, हलू नका. फोटो बिघडतोय," टेक्निशियन माईकवरून म्हणाला.

पुन्हा टर्र, पुन्हा उत्तर. शेवटी सोमेश्वर माईकवर आला. "आबा, मेंढ्या पाण्यावर हायत."

मेंढ्या पाणी पिताना मेंढपाळ आवाज करत नाही. बुजलेली मेंढी तहानलेलीच माघारी फिरते. सटवा दगडासारखा पडून राहिला.

फोटोत कवटीखाली रक्त साचलेलं दिसलं. "गाठ नाही. बारीक छिद्र पाडून काढता येईल," डॉक्टर म्हणाले. "पण बाबा, हे बहुतेक मारानंच होतं."

सटवानं फोटो नीट न्याहाळला. मुकादम त्यात कुठं नव्हता.

"मुकादमच ना?" सोमेश्वरनं विचारलं.

"मीच पाठ केली त्याच्याकडं. एडक्याकडं पाठ करतो तो कसला धनगर? त्याला कशाला इकतो? इकायचं तर मला इक."

"तुमाला कोन घेतंय, डोक्याला भोक पाडल्यावर?"

आता सटवाच्या डोक्याला पट्टी आहे, आणि मुकादमाच्या गळ्यात, धावून धडक देता येऊ नये म्हणून सोमेश्वरनं अडकवलेलं लाकडाचं लोढणं. दोघं समोरासमोर बसून असतात. काठी हातात टिकते. उठायचं झालं की सटवा तोंड त्याच्याकडंच ठेवून मागं मागं सरकतो.