‘को खां’ कोणाला म्हणावं

आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिलाच. जे शिकायचं ते लिहून घ्यायचं, ही गावच्या शाळेची सवय मी भोपाळलाही सोडली नाही. कोटरा सुल्तानाबादच्या खोलीत बसून मी इथली बोली वहीत उतरवत असे. ‘को खां’चा अर्थ घरमालकांनी सांगितला. ते जुने मोटर मेकॅनिक. त्यांच्या मते ‘को’ म्हणजे ‘क्यों’, आणि ‘खां’ हा नवाबांच्या पठाणांचा खान. पुढे शहराने तो मान सगळ्यांनाच वाटून टाकला. आमच्या गावी लोक आधी आडनाव विचारत. इथे कोणी काही विचारण्याआधीच मी खान झालो होतो. मला फार बरं वाटलं.

माझा खोलीतला सोबती नागपूरकडचा, कारकुनाचा मुलगा. तो हसायचा. “शिव्या बी लिहून ठेव बे. पेपरात येतील.”

ज्या सरकारी नोकरीच्या परीक्षेसाठी आम्ही दोघं भोपाळला आलो होतो, तिच्या लेखी पेपरला चार दिवस राहिले होते. भर दुपारी महाराणा प्रताप नगरात क्लाससमोर सोबती मोटारसायकल काढत असताना तिचं हँडल एका जीपच्या दाराला घासलं. जीपवाला पन्नाशीचा, पिकल्या मिशांचा. त्याने सोबत्याची कॉलर धरून त्याचं डोकं दारावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. नाकातून रक्ताची धार लागली.

मी धावत गेलो. त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून म्हणालो, “को खां, जाने दो ना.”

तो थांबला. “खां किसको बोल रिया है? तेरे साथ खेला हूं मैं?”

बरोबरीच्या माणसालाच असं म्हणतात, वडीलधाऱ्याला नाही, हे इथल्या कोणालाही सांगावं लागत नाही. म्हणून मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या थपडेत माझा ओठ फाटला. मी खाली पडलो, तशा बरगडीत लाथा बसू लागल्या. त्याच्या ड्रायव्हरने सीटखालून जॅकचा दांडा काढला आणि माझ्या डोक्यावर उगारला. मधे सोबत्याने उजवा हात घातला. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला. मग ते जीपमध्ये बसून निघून गेले.

त्याच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. मी माफी मागू लागलो तर तो म्हणाला, “चूप बस. डोकं फुटलं असतं तर वाचलेलं सगळं सांडलं असतं तुझं.”

आम्ही अर्ज एकत्र भरले होते, त्यामुळे परीक्षेत तो माझ्या पुढच्याच बाकावर होता. प्लास्टरबाहेर आलेल्या दोन बोटांत पेन धरून त्याने तासभर लिहिलं. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. मग पेन खाली पडलं. त्याने ते उचललं नाही, आणि मागे वळूनही पाहिलं नाही.

मी वेळ संपेपर्यंत लिहीत राहिलो. आज मी खातो ती भाकर त्याच पेपरची आहे.