राजाच्या नावाचा किडा

१२ जानेवारी २०२४. पस्तीस दिनार. इथे आखातात, आमच्या कंपनीतल्या जयराम सुताराने एवढी रक्कम अर्दियाच्या गोदामातल्या यूसुफला उसनी दिली आणि तारण म्हणून त्याच्या गळ्यातला ताईत घेतला. शेणकिड्याच्या आकाराचा, अंगठ्याच्या पेराएवढा, तपकिरी. पोटावर लंबगोल चौकटीत कोण्या प्राचीन राजाचे नाव कोरलेले. यूसुफ इजिप्तचा. ताईत अस्सल जुना आहे, आईने बांधलाय, असे त्याने हिंदीत सांगितले.

मी जयरामला तेव्हाच बजावले होते. खरा असेल तर पुराणवस्तू बाळगल्याबद्दल पोलीस धरतील, खोटा असेल तर पैसे बुडाले. मार्चमध्ये त्याच्या बायकोचे, आनंदीचे, ऑपरेशन होते आणि त्याला गावी जायचे होते. इथे नुसती तक्रार झाली तरी माणूस विमानतळावर अडकू शकतो.

जयराम राजापूरकडचा. शटरिंगच्या फळ्यांतले वाकडे खिळे उपटून, ठोकून सरळ करून ठेवणारा. अब्बासियाच्या खोलीत त्याने पॅकिंगच्या लाकडाचा देव्हारा केला होता. राजाचे नाव असलेली वस्तू ट्रंकेत चपलांशेजारी कशी ठेवायची, म्हणून त्याने ती गणपतीजवळ ठेवली आणि देवांबरोबर तिलाही रोज आंघोळ घालू लागला.

जयराम गावी निघायच्या आदल्या संध्याकाळी यूसुफ ताईत सोडवायला आला. जयरामने मलाही बोलावून घेतले होते. त्याने ताम्हनातून उचलून दिलेला किडा पांढराफटक होता. सगळा रंग दोन महिन्यांत तीर्थात उतरला होता.

यूसुफने तो दिव्याखाली धरला. "सदीक, दोस्ता, हा माझा नाही. माझा कुठे आहे?"

"तुझाच हा. धुतलाय फक्त."

"धुतल्याने दगड बदलतो? मी चौकीवर जातो."

जयराम खाटेवर बसला. बांधलेली बॅग दाराशीच होती. मला वाटले, खोटा देऊन हा आता खरा मागतोय. मग क्षणभर जयरामचाही संशय आला. मधल्या काळात त्याने कुणाला विकला तर नसेल?

"दोऱ्याला मी हात लावलेला नाही," जयराम म्हणाला. "गाठ बघ."

कुंकवाने लाल झालेला दोरा किड्याच्या आरपार गेला होता. यूसुफने नखाने कुंकू खरवडले. गाठीत एक लांब पांढरा केस गुंफलेला होता. "आईचा," यूसुफ म्हणाला. मग हळू आवाजात म्हणाला, की आईने कानातले मोडून हा लक्सरच्या बाजारात घेतला होता.

त्याने तीस दिनार मोजून दिले, ताईत खिशात घातला आणि उरलेले पगार झाला की देतो म्हणाला. चहाला थांबला नाही.

जयराम वेळेवर विमानात बसला. आईची फसवणूक झाली हे यूसुफला त्या संध्याकाळी कळले, की आधीपासून ठाऊक होते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्याच्याकडून पाच दिनार येणे आहेत.