कापीहवालदार

पलटणीतून पेन्शनीवर आलेला गलमिश्यांचा उंचनिंच माणूस चुलीपुढे मांडी घालून बसलाय आणि चुलीला अहोजाहो करतोय, हे लग्नानंतर मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, वडिलांनी आपल्याला वेड्यांच्या घरात दिलं. "चुलीबाई, जाळ वाईच कमी करा. बिया करपत्यात." चूल बिचारी काय करणार? मी पुढे होऊन लाकूड मागे ओढलं. चुलीबाई म्हणजे आपण, हे मला तेव्हा कळलं.

ते माझे सासरे. उंब्रजच्या पलीकडच्या आमच्या गावात त्यांना सगळे कापीहवालदार म्हणत. सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, तोंड उघडायचं नाही आणि सासऱ्यानंही तिच्याशी थेट बोलायचं नाही, अशी घरची रीत. पण मामंजी बंगलोरच्या छावणीत कॉफी करायला शिकून आले होते आणि ती विद्या कुणाच्या तरी गळ्यात बांधल्याशिवाय त्यांना चैन नव्हतं. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, त्या काळ्या पाण्याच्या वाऱ्याला उभ्या राहत नसत. मुलगा, म्हणजे आमचे हे, लढाईवर. उरले मी. म्हणून मामंजी चुलीशी बोलत आणि मी बांगड्यांनी उत्तर देई. बांगड्या एकदा वाजल्या की हो, दोनदा वाजल्या की नाही.

मी पडले सांगलीची. सहा यत्ता शिकलेली, त्यामुळे जगात शिकण्यासारखं काही उरलेलं नाही अशी माझी खात्री होती. आमच्याकडे उपासाच्या दिवशी कॉफी व्हायची, जायफळ घालून रटरट उकळलेली. तीच मी पहिल्या दिवशी ऐटीत करून ठेवली. मामंजींनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि चुलीला विचारलं, "घरात कुनी आजारी हाय का? काढा दिसतोय म्हनून इच्यारतो." मी दोनदा बांगड्या वाजवल्या आणि मनात म्हटलं, या खेडवळ माणसाला जायफळाची काय चव.

त्यांची तऱ्हाच निराळी. पलटणीतला एक कानडी दोस्त त्यांना कच्च्या बिया पाठवायचा. त्या मंद जाळावर सतत हलवत भाजायच्या, रंग ओल्या मातीसारखा आला की लगेच सुपात ओतून गार करायच्या. कुटायच्या लागतील तेवढ्याच, कारण कुटून ठेवली की वास उडून जातो आणि उरतं ते काळं पाणी. उकळायचं ते फक्त पाणी. ते उतरवून, त्याचा राग जरा निवला की पुडीवर ओतायचं, झाकायचं आणि गप बसायचं. मग ओल्या फडक्यातून गाळायचं. दूध वेगळं तापवायचं. लढाईमुळे साखर रेशनवर, म्हणून गूळ. आणि तो अगदी शेवटी, कपात, नाहीतर दूध फाटतं. यातलं गप बसणं मला जमत नसे. मी सारखी झाकण उचलून बघायची. "घाई हाय त्यानं च्या प्यावा," मामंजी चुलीला सांगत.

त्यांचं सगळंच खरं असायचं असं नाही. कॉफी पिणाऱ्याला हिवताप होत नाही, असं ते गावभर सांगत. मग एकदा तेच घोंगड्यांखाली हुडहुडत पडले. आत्याबाईंनी टोमणा मारला, तर घोंगड्यांच्या आतून आवाज आला, "ह्यो हिवताप न्हाई. थंडी हाय ही." मे महिना होता.

या सगळ्यात माझा जीव दुसरीकडेच अडकला होता. मला सातवी करायची होती. सातवी म्हणजे फायनल. ती पास झालेली मुलगी मास्तरीण होऊ शके. मुलींना शिकवायची तळमळ होती, असं मी पुढे सभासमारंभांत सांगत आले. खरं कारण असं की, मास्तरणीला कुणी उलट बोलत नाही. शिवाय बांगड्यांनी बोलून बोलून माझी जीभ गंजायला आली होती. आत्याबाईंजवळ विषय काढला, तर नवरा लढाईवर आणि बायको शाळेत, हे त्यांना ऐकवेना. मामंजींच्या कानावर घालायलाही त्या तयार नव्हत्या. हे परत आले की घरात पाळणा हलणार आणि सातवी कायमची राहणार, हे मला दिसत होतं. शेवटी मी माहेरी निरोप धाडला की, शाळा सुरू व्हायच्या आत येऊन माझ्यासाठी शब्द टाका.

वडील आले. पण स्वभाव असा भिडस्त की, सकाळपासून उसाबद्दल बोलले, बैलांबद्दल बोलले, मुलीचं नाव काढीनात. दुपारच्या मोटारीनं ते परत जाणार होते. मोटारीची वेळ जवळ आली तशी मी कॉफी करायला बसले. आदल्याच दिवशी वर्षाची कांदा-लसणीची चटणी कुटून झाली होती. कॉफीचा खल वेगळा असे. मी घाईत चटणीचा ओढला.

कप बाहेर गेले. मी दाराआड उभी राहिले. "बोला पाव्हनं, काय काम काढलंत?" मामंजींनीच विचारलं. वडिलांनी धीर यावा म्हणून मोठा घोट घेतला आणि जो ठसका लागला तो थांबेना. कान लाल, डोळ्यांतून धारा, आणि हात नुसता माझ्या दिशेला. मामंजीही प्यायले. त्यांच्या मिश्या थरथरल्या, डोळे भरले, पण कप काही त्यांनी खाली ठेवला नाही. माझ्यासाठी बोलायला आता कुणीच उरलं नव्हतं.

"मामंजी, मला सातवीला बसायचंय," मी म्हणाले. "सांगलीला."

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. वडिलांचा ठसकासुद्धा थांबला. मामंजींनी फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले आणि दाराकडे बघत, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्याशी बोलले.

"कापीत चटणी घातलीस व्हय गं?"

"व्हय," मी म्हणाले. सहा यत्तांचं शुद्ध मराठी कुठे पळालं कोण जाणे.

"आवं, तिला शाळंत घातली तर लोक काय म्हनतील?" आत्याबाई म्हणाल्या.

"लोकास्नी ह्यो कप पाजा. मग बोलत्यात का बगू." कप रिकामा करून त्यांनी खाली ठेवला. "जाऊ द्या तिला. न्हाई म्हनायला कारन घावाय पायजे, ते काय मला घावंना."

मी सातवी पास झाले. पहिली नेमणूक फलटणच्या बाजूला मिळाली. लढाईहून परतलेले हे पुन्हा छावणीवर, आणि एकट्या बाईनं परगावी राहायचं कसं, यावर भावकीत खल चालला असताना मामंजींनी माझ्यासोबत यायला स्वतःची वळकटी बांधली. परगावीही लोक बोलायचे ते बोललेच. हवालदार सुनेला कॉफी करून देतो, याची तर चावडीवर चर्चा होती.

त्यांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. माझ्या घरी अजून कॉफी उकळत नाहीत. नातवंडं म्हणतात आजी फार बोलते. त्याचं श्रेयही मी त्यांनाच देते, कारण एवढा जाळ पिऊन माझं ऐकून घेणारा माणूस मला पहिल्याच बोलण्याला भेटला.

तिथे मास्तरीण म्हणून पहिल्यांदा शाळेत जायच्या सकाळी त्यांनी स्वतः कॉफी केली, पाट मांडला आणि समोर कप ठेवला. सासऱ्यापुढे सून बसत नसते, म्हणून मी भिंतीला टेकून उभी. "बसा बाई," ते म्हणाले. मी बसले. त्या वेळी डोळे भरून आले आणि मी निमूट कप संपवला, असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल. पण मी एक घोट घेतला आणि म्हणाले, "मामंजी, गूळ कमी झालाय."

ते उठले आणि गुळाचा डबा घेऊन आले.