अडीच तिकिटं आणि एक बदक

मी आयुष्यात एकही बदक मारलेलं नाही. आज हे वाक्य मी सहज लिहून टाकलं, पण पहिल्यांदा ते उच्चारताना मी कमरेइतक्या चिखलात उभा होतो आणि समोर माझे सासरे होते.

साठ साल उलटून गेलं होतं. मी कतारला, अल खोरमध्ये, एका व्यापाऱ्याच्या गोदामात कारकून होतो. तांदूळ, चहा, दोरखंड आणि सिमेंट यांच्यामध्ये माझं टेबल. अल खोर म्हणजे तेव्हा समुद्राकाठची मूठभर घरं, होड्या, खजुराच्या झावळ्या आणि वारा. हिवाळ्यात हा वारा असा सुटायचा की गोदामात मी दोन स्वेटरांवर रिकामं पोतं पांघरून बसायचो. (मालकानं एकदा मला मालच समजून पाठीवर नंबर टाकायला घेतला होता.) दोन वर्षांपूर्वी बायकोला, हलीमाला, आणि चार वर्षांच्या नूरला मी रत्नागिरीहून इथं आणलं होतं. संसार सुखाचा चालला होता. चूक एवढीच झाली, की मी पत्रं लिहायचो.

पत्रं जायची मामूंना. मामू म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ आणि हलीमाचे वडील, म्हणजे आधी मामा आणि मग सासरे. चाळीस वर्षं दाभोळ ते मुंबई गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. पोरीला वाळवंटात पाठवायला ते मुळीच राजी नव्हते. "थंय खाणार काय? वाळू?" असं त्यांनी निकाहाच्या पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं होतं. तेव्हा त्यांचा जीव थंड व्हावा म्हणून मी पत्रात थोडं तिखटमीठ लावायचो. ताजी मासळी रोज मिळते, हे खरं होतं. हिवाळ्यात खाडीवर हजारो बदकं उतरतात, हेही खरं होतं. "काल सात मारली" हे मात्र लिहिता लिहिता हातून सुटलं. हलीमाला लिहिता येत नसे, त्यामुळं तिची पत्रंही मीच लिहायचो. साहजिकच तिच्या पत्रातही बदकं आली, आणि तिथं तर ती नऊ झाली!

त्या हिवाळ्यात मामूंचं उत्तर आलं. "महिन्यासाठी येतो. बदक खाईन. परतीची तिकिटं काढली आहेत. अडीच."

मी पत्र तीनदा वाचलं. एक मामूंचं, एक हलीमाचं, अर्धं नूरचं. मला हिशेब कळला: महिन्यानं मामू लेकीला आणि नातीला घेऊनच परत जाणार होते.

मामू आले, ते पेटी, आमसुलं, सुकटीची पिशवी आणि कपाळावर आठी घेऊन आले. घर पाहिलं, गोड्या पाण्याचं पिंप पाहिलं, पत्र्याचे डबे पाहिले. मग जेवायला बसल्यावर लेकीला विचारलं, "काय गं, इथला बदक लागतो कसा?"

मी ताटात मान खुपसली. हलीमानं डोळ्याची पापणीही न लववता सांगितलं, "मऊ लागतो, बाबा. जरा वातड, पण मऊ."

नंतर स्वयंपाकघरात तिनं मला कोपऱ्यात गाठलं. "अवो, कुठला बदक? माझ्या नावानं काय काय लिवलंव?"

"थोडं..."

"थोडं म्हंजे किती?"

"नऊ."

ती डोक्याला हात लावून पिठाच्या डब्यावर बसली. "मना इथून जायचा नाय. नूरला इथं मैतरणी झाल्यात. आता कायबी करा, पण एक बदक आणा. एक!"

एक बदक. माणसानं संसार वाचवायला काय काय केलं असेल, पण माझा संसार एका पाखरावर येऊन टेकला होता.

शेजारी अबू राशिद राहायचा. साठीचा कोळी, तरुणपणी मोत्यांच्या धंद्यात चार वेळा मुंबईला जाऊन आलेला, त्यामुळं हिंदी बोलायचा. त्याची होडी होती आणि मुलाबाळांपेक्षा जपलेली जुनी बंदूकही होती. भरतीओहोटीच्या पट्ट्यात झावळ्यांच्या काठ्या रोवून त्यानं मासे अडवायचं मोठं कुंपण घातलं होतं. पाणी ओसरलं की मासे आत अडकायचे आणि हा गाढव घेऊन चालत जाऊन ते टोपल्यांत भरून आणायचा. मासे आणायला गाढव नेणारा कोळी पाहून पहिल्या वर्षी मी पोट धरून हसलो होतो.

मी बंदूक आणि होडी मागितली. त्यानं विचारलं, "कब जाएगा?"

इथं माझ्यातला कोकणी जागा झाला. मामू मागंच उभे होते. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "मामू, उद्या चांदाची बारा तारीख. बाराची पाऊणपट नऊ. नऊला पुरी भरती. सात वाजता निघालं, की चढत्या पाण्याबरोबर तिवरांपर्यंत आत जाऊ. बरोबर?"

आमच्याकडं पोरगं चालायला लागलं की त्याला हा हिशेब येतो. चांदाची तारीख घ्यायची, तिची पाऊणपट करायची, भरतीची वेळ हातात. मामूंच्या कपाळावरची आठी पहिल्यांदा सैल झाली. "बरोबर हाय," ते म्हणाले. "तेवढा तरी शिकलास."

अबू राशिद आमच्याकडं आळीपाळीनं बघत होता. "सुबह पानी आएगा नहीं," तो म्हणाला. "जाएगा."

मी हसलो. मामूही हसले. दोन कोकणी माणसांना हा समुद्र शिकवणार! मी त्याच्या खांद्यावर थोपटून म्हटलं, "अबू राशिद, चांद सगळीकडं एकच असतो."

त्यानं खांदे उडवले आणि बंदूक माझ्या हातात दिली. "यल्ला," म्हणाला, म्हणजे चल, निघ. त्या यल्लामध्ये किती दया होती, ते मला नंतर कळलं.

सकाळी सातला निघालो. मामू सुकाणूवर, मी वल्ह्यावर, मध्ये बंदूक आणि हलीमानं दिलेला डबा: घावणे, अंड्याची पोळी, शिवाय मोठं भांडंभर चहा. वारा पडला होता, पाणी आरशासारखं होतं. पुढं तिवरांची हिरवी रेघ आणि तिच्या कडेला काळे ठिपके. बदकंच बदकं! मामू तर डोळे बारीक करून लहान पोरासारखे बघत राहिले. "केवढी रे! आणि ती लांब मानेची गुलाबी कुठली?" मी म्हटलं, "ती खात नाहीत." (माहीत नव्हतं. पण मारता येणार नाहीत हे नक्की होतं.)

पावणेआठच्या सुमाराला होडी तळाला घासली.

"चढतंय पाणी," मी म्हणालो. "थांबू जरा."

आठला वल्हं उभं रोवलं तर ते स्वतःहून उभं राहिलं. साडेआठला होडी एका अंगाला कलली. नऊ वाजता, पुऱ्या भरतीच्या मुहूर्तावर, आमच्या चारी बाजूंना नजर पोचेल तिथवर चकचकीत चिखल होता, आणि त्यावरून छोटे खेकडे आमच्या होडीकडं बघत आडवे आडवे चालले होते.

मामूंनी घड्याळ कानाला लावून बघितलं. "चालू हाय," ते हळूच म्हणाले.

"तारीख चुकली असेल," मी म्हणालो.

"अकरा धर. सव्वाआठ. तेरा धर. पावणेदहा." मामू बोटं मोजत होते. "कुठल्याच तारखेला एवढा चिखल येत नाय, इस्मायल!"

आणि नेमकी तेव्हा बदकं आली! पाणी गेल्यावर उरलेल्या डबक्यात किडे-मासे टिपायला तीस-चाळीस बदकं होडीपासून वीस पावलांवर उतरली. मामूंनी मला कोपरानं ढोसलं. "मार. बिस्मिल्ला म्हण आणि मार."

बंदूक धरायची कशी, हे मी आदल्या दिवशी केरसुणीवर शिकलो होतो. केरसुणीला धक्का बसत नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही. मी बिस्मिल्ला म्हणालो, डोळे मिटले (हे मामूंनी पाहिलं) आणि चाप ओढला. होडीतून उडालो तो मागं उताणा चिखलात. छर्रे कुठं गेले ते डबा उघडल्यावर समजलं, कारण चहाचं भांडं गाळणी झालं होतं. बदकं उडाली. एकच मागं राहिलं, ते उडायचं विसरून माझ्याकडं बघत होतं.

उठायला गेलो तर पाय गुडघ्यापर्यंत आत. दुसरा पाय टेकवला तर कमरेपर्यंत. "मामू! वल्हं! वल्हं द्या!"

मामूंनी वल्हं पुढं केलं. मी हात घातला. त्यांनी ते चार बोटं मागं घेतलं.

"इस्मायल, खरं सांग. बदकं किती मारलीस?"

"मामू, मी बुडतोय!"

"चिखलात कोण बुडत नाय. किती?"

"सात!"

वल्हं आणखी मागं गेलं.

"तीन!"

वल्हं होडीच्या कडेला टेकवून मामूंनी विडी काढली.

"एक! आणि तेही पायानं लंगडं होतं!"

विडी पेटली.

"एक पण नाय, मामू! एक पण नाय! केरसुणीवर शिकलो मी! हलीमाची पत्रं पण मीच लिहिली! तिला यातलं काही ठाऊक नव्हतं!"

वल्हं आलं. मी वर आलो, पण माझी पॅन्ट आली नाही. ती अजून अल खोरच्या खाडीत आहे.

मामूंनी अंगावरची शाल मला गुंडाळायला दिली आणि मग आम्ही डबा सोडला. भोकं पडलेले घावणे खाल्ले. दुपारी मामूंनी जुहरची नमाज पढली. सलाम फिरवल्यावर म्हणाले, "चाळीस वर्षांत नमाजेला एवढी स्थिर होडी मिळाली नव्हती." त्यांना हसू येतंय की काय असं वाटलं, पण विचारायची हिंमत झाली नाही. माझ्या डोळ्यांपुढं अडीच तिकिटंच नाचत होती. मला खरंच रडू येत होतं. नूर मला रोज गोदामाच्या दारापर्यंत सोडायला यायची.

एकच्या सुमाराला लांबून चिखलावरून एक माणूस आणि एक गाढव येताना दिसलं. कुठं वाळू कडक आहे, हे अबू राशिदला घरच्या अंगणासारखं ठाऊक होतं. कुंपणातले मासे भरून तो वाट वाकडी करून आमच्याकडं आला होता. त्यानं होडी पाहिली, शाल नेसलेल्या मला पाहिलं, आणि फक्त एवढंच विचारलं, "तुम्हारे मुल्क का चांद क्या बोला?"

मामू गाढवावर बसले. पासष्ट वर्षांचा तांडेल, गलबतावर आयुष्य काढलेला, समुद्रातून गाढवावरून परत आला! मागून लुगड्यासारखी शाल आवरत मी. किनाऱ्यावर झाडून सगळं गाव उभं होतं. नूर टाळ्या वाजवत ओरडली, "अब्बानी बदक आणला?" आणला होता. टोपलीच्या तळाशी अबू राशिदच्या कुंपणात अडकलेलं एक बदक होतं, ते त्यानं हलाल करून हलीमाच्या हातात दिलं.

बदकाला माशाचा वास होता. मामूंनी दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मामूंना एकच वेड लागलं. पहाटे उठून अबू राशिदबरोबर कुंपणावर जायचं, पाण्यात काठी रोवायची आणि किती वाजता कुठवर आलं त्याच्या खुणा करायच्या. "अरे, कधी दोनदा भरतो, कधी दिवसाला एकदाच! असा समुद्र कुणी बघितला नाय!" अबू राशिद म्हणायचा, इथं चंद्राला विचारायचं नाही, पाण्याला विचारायचं. दोन म्हातारे काठीपाशी उकिडवे बसून तासन्‌तास वाद घालायचे. हलीमा आणि मी मात्र दिवस मोजत होतो. पेटीतली तिकिटं कुणी काढली नव्हती आणि मी विचारत नव्हतो.

बोटीच्या दिवशी धक्क्यावर हलीमाची पेटीही बांधून ठेवलेली होती. मामूंनी खिशातून तिन्ही तिकिटं काढली. हलीमाचं पूर्ण तिकीट तिच्यासमोर फाडून टाकलं.

"तू इथंच ऱ्हा," ते लेकीला म्हणाले. "मना वाटलं होतं, हा तुना सांभाळत नसंल. पण आता बघितला. ह्याला एकट्याला ठेवला तर एका ओहोटीत खलास."

हलीमा रडत होती आणि हसत होती. मला तर इतका आनंद झाला, की त्या वाक्यात माझी केवढी स्तुती झाली हे कळायला वेळ लागला. मग मामूंनी अर्धं तिकीट माझ्या हातात ठेवलं.

"मामू, हे नूरचं. हेही फाडा की."

"नूरचं नाय," मामू बोटीची शिडी चढत म्हणाले. "तुझं. कवा परत यायचं झालं तर दाखव. तुना अर्धं पुरं होईल."

कितीतरी वर्षांनी आम्ही कायमचे परत निघालो, तेव्हा बोटी बंद होऊन विमानं आली होती. सामान बांधताना ते अर्धं तिकीट एका डब्यात सापडलं. मी म्हटलं, "आता याचा काय उपयोग?" हलीमानं ते हातात घेतलं, एकदा तिकिटाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणाली, "दाखवून तर बघा. तुमच्याकडं बघून अर्ध्यात बसू देतीलही."