जवसाच्या तेलाची फोडणी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कढईमावशींनी तापल्या तेलात बटाट्याचा एक काप सोडला आणि तो वर यायची वाट पाहत राहिल्या. कढईमावशी हे नाव पहिल्या पाळीच्या कामगारांनी ठेवलेलं. तेल तापलं नाही तर स्वयंपाक झालाच नाही, असं त्या नव्या बायकांना पहिल्याच दिवशी बजावतात.

काल नवऱ्याच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता.

नवरा रंगारी. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यापासून परांचीवर चढायला डॉक्टरांची मनाई आहे. रक्तातली चरबी उतरली तर बघू, असं ते म्हणाले होते. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तळण बंद करून रोज एक चमचा जवसाचं तेल सांगितलं. मावशींनी त्याच तेलात भाजी फोडणीला टाकायला सुरुवात केली.

"दारं रंगवायला काढलीस का?" नवऱ्यानं पहिल्याच रात्री विचारलं. रंगातही जवसाचंच तेल मिसळतात, तो वास त्याच्या ओळखीचा.

"मुकाट्यानं जेवा. औषध आहे ते."

"औषधाचा एवढा धूर होतो होय?"

दोन घास खाऊन तो उठायचा आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत जायचा. मावशींना सदरे धुताना खिशात बिस्किटांचा चुरा सापडायचा. रिपोर्टमधला आकडा जागचा हलला नव्हता.

मावशींची पाळी संपल्यावर दोघं आहारतज्ज्ञ बाईंसमोर बसले. फोडणीचं ऐकून बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मावशी, ते तापवायचं नसतं. तेल बनतं मेदाम्लांचं, आणि मेदाम्ल म्हणजे कार्बनची लांब साखळी. कॅन्टीनच्या पामतेलात जवळजवळ निम्म्या साखळ्या हायड्रोजननं पूर्ण भरलेल्या असतात. म्हणून ते आचेला टिकतं, पण वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं. जवसातल्या मुख्य मेदाम्लात तीन दुहेरी बंध असतात, म्हणजे हायड्रोजननं न भरलेल्या तीन जागा. ते शरीराला हवंच असतं, पण हवेतला ऑक्सिजनही तिथंच शिरतो. तापवलं की आणखी लवकर, आणि तेल खराब होतं."

"म्हणूनच ते दारावर वाळतं," नवरा म्हणाला.

"हो, तेच कारण."

"बघ. मी काय म्हणत होतो?"

"तुम्ही वासाला नावं ठेवत होतात," मावशी म्हणाल्या. मग बाईंकडे वळल्या. "तुम्ही तेल द्या म्हणालात. तेल तापवायचं, हे मला सांगावं लागत नाही. तापवायचं नाही, हे सांगावं लागतं."

"चुकलंच माझं. पण नुसत्या तेलानं आकडा उतरला असता असंही नाही. बाहेरचं काही खाता का, काका?"

नवरा छताकडे पाहू लागला. "तिथला रंग सुटलाय," तो म्हणाला.

"बिस्किटं खातात. लोण्याची," मावशी म्हणाल्या.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी. तोवर परांची बंद.

घरी येताना जिन्यात नवरा म्हणाला, "उद्यापासून भाजीवर कच्चंच घालशील ना?"

"मी हात लावणार नाही. माझ्या हातात दिलंत तर मी तापवीनच. तुमचं तुम्ही वाढून घ्या."

नवी बाटली फ्रीजच्या दारात आहे. उद्या सहा दहाला मावशी कढईपाशी असतील. दुपारी घरी एकटंच जेवताना तेलाचा चमचा नवऱ्यानं स्वतःच घ्यायचा आहे, आणि त्या वेळी बेकरी उघडी असते.