दौंडला गाडी फिरली तेव्हा

देवा, माझं शुद्धलेखन चुकतं, अक्षरही वेडंवाकडं आहे. तूच वाचणार, सांभाळून घे.

आज मुलाला सोडायला शिरूरहून दौंडला गेले. तोही आता वडिलांसारखा सुवार्तेच्या प्रचाराला लांब निघाला. फलाटावर डिझेलचा वास आला आणि माझा पहिला प्रवास आठवला.

नुकतंच लग्न झालं होतं. नगरहून ह्यांच्याबरोबर पुण्याच्या मिशनमध्ये चालले होते. आईच्या आठवणीनं घास उतरत नव्हता. दौंडला इंजिन काढून मागच्या टोकाला लावलं आणि गाडी उलटी निघाली. नगरहून पुण्याला जाणाऱ्या गाड्या तिथं अशाच फिरतात, हे मला ठाऊक नव्हतं.

“अहो, माघारी निघालो व्हय?” मी हळूच विचारलं.

समोरची म्हातारी हसली. “येडी हाय का पोरी, आगं हितं समद्याच गाड्या...”

ह्यांनी तिला हातानं थांबवलं. मला म्हणाले, “आधी भाकरी खाऊन घे.”

आईकडे माघारी चाललोय असं समजून मी पोटभर जेवले. पाटस स्टेशन आल्यावर त्यांनी खरं सांगितलं. मी पुण्यापर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

आता आई आणि हे, दोघंही तुझ्यापाशी आहेत. मुलाची गाडी गेली आणि मी एसटीत बसले. शिरूरच्या घरी कुणी नव्हतं. तरी मनाला म्हटलं, आईकडेच चाललेय, आणि डबा उघडून भाकरी खाल्ली.